एका बैठकीला एकच कथा

आमच्या बेळगावात मृग सरला की पाऊस असा ठाण मांडून बसतो की, शाळेचे मैदान पुढे दोन महिने केवळ नावापुरतेच उरते. शनिवारची सकाळची शाळा सुटते, परंतु बाहेर पडण्याची सोय नसते. यंदाच्या वर्षारंभी अशाच एका शनिवारी, पाऊस ओसरण्याची वाट पाहत ग्रंथालयाच्या खोलीत बसलेल्या आम्हा पंधरा-सोळा जणांचे एक कथावाचन मंडळ तयार झाले. त्यात आठवी ते दहावीपर्यंतचे विद्यार्थी-विद्यार्थिनी होते आणि मराठी शिकविणारे दोन शिक्षकही होते. प्रस्तुत लेखात 'आम्ही' असे जे म्हटले आहे, ते या सर्वांच्या वतीने होय.

वर्षभरात आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली, असा आमचा मुळीच दावा नाही. थोर कथाकारांचे अवघे तीन संग्रह आम्ही हाती घेतले आणि त्यांतील वीस-बावीस कथा वाचल्या. परंतु कथा एकट्याने वाचणे आणि ती चौघांत बसून वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांस या वर्षाने शिकविले. ते कसे, हे आमच्या विद्यार्थीबंधुभगिनींना व त्यांच्या घरच्या मंडळींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची पहिली चूक

आरंभ आम्ही चुकीचा केला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निवडक कथांचा मराठी अनुवाद ग्रंथालयात होता. मात्र प्रत एकच होती. म्हणून कोणीतरी मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकावे, असे ठरले. पहिल्याच बैठकीत उत्साहाच्या भरात आम्ही एकामागून एक अशा चार कथा वाचून काढल्या. शेवटी सरांनी विचारले, "यांपैकी कोणती कथा अधिक आवडली?" एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, "ती पोस्टातली मुलगी कलकत्त्याला मामाकडे जाते आणि आजारी पडते, ती!" सर्वजण हसले. परंतु पोस्टातली मुलगी कोणती आणि मामाकडे जाणारा मुलगा कोणता, हे नीट उलगडून सांगण्याची पाळी आली, तेव्हा हसणाऱ्यांपैकी एकालाही ते धड सांगता येईना.

सर म्हणाले, "श्रीखंड, बासुंदी, आमटी आणि ताक एकाच वाटीत कालवले, तर तो दोष स्वयंपाकाचा नव्हे." त्या दिवशी आम्ही नियम केला की, एका बैठकीला एकच कथा वाचावयाची. ती पाच पानांची असो वा पंचवीस पानांची; त्या शनिवारी दुसरी उघडावयाची नाही.

कथा जन्मली कोठे?

हा नियम आम्ही सोयीसाठी केला होता. पुढे कथेच्या इतिहासाविषयी थोडे वाचन केले, तेव्हा त्याला भक्कम आधार असल्याचे आढळून आले. आज ज्या कथा आपण जाड पुठ्ठ्याच्या संग्रहांत एकापाठोपाठ एक वाचतो, त्यांपैकी बहुतेक कथा प्रथम पुस्तकात छापल्याच गेल्या नव्हत्या. त्या वृत्तपत्रांत, साप्ताहिकांत आणि मासिकांत एकेकट्याने प्रसिद्ध झाल्या. मोपासाँची 'हार' ही जगप्रसिद्ध कथा १८८४ साली पॅरिसच्या एका दैनिकात आली. अंतोन चेखॉव्हच्या अनेक कथा १८८६ च्या सुमारास पीटर्सबर्गच्या वृत्तपत्रात छापल्या गेल्या. रवींद्रनाथांची 'पोस्टमास्तर' १८९१ साली 'हितवादी' या नव्याने निघालेल्या साप्ताहिकात आली आणि नंतरच्या कित्येक कथा 'साधना' मासिकात आल्या. 'गल्पगुच्छ' हा त्यांचा संग्रह त्यानंतरचा.

आपल्या मराठीतही हेच घडले. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कुटुंबातील लहानथोरांना वाचता येतील अशा गोष्टी दिल्या. त्या पुढे 'स्फुट गोष्टी' या नावाने पुस्तकरूप झाल्या. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिक काढले. १९०९ साली याच मासिकाने मराठीतील पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला आणि मराठी कथेला दरवर्षीचे एक हक्काचे घर मिळाले.

याचा अर्थ असा की, त्या काळच्या वाचकाला एका आठवड्यात किंवा एका महिन्यात एखाददुसरीच कथा मिळत असे. दुसरा अंक येईपर्यंत ती त्याच्या मनात घोळत राही. अंक एक आणि वाचणारे अनेक, अशी स्थिती असल्याने एकाने वाचावे व घरच्यांनी ऐकावे, हेही ओघानेच येई. रवींद्रनाथांविषयी तर अशी आठवण सांगतात की, थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू हे त्यांच्याकडे शिलाइदह येथे मुक्कामास येत, तेव्हा प्रत्येक भेटीत एक नवी कथा वाचून दाखविली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तेव्हा 'एका बैठकीला एकच कथा' हा आमचा शोध नव्हे. संग्रहांमुळे जी जुनी रीत मोडली, ती आम्ही पुन्हा उचलली, एवढेच.

रतनची जोडाक्षरे

नव्या नियमानुसार आम्ही 'पोस्टमास्तर' ही कथा पुन्हा वाचली. तिचे कथानक अगदी साधे आहे. कलकत्त्यात वाढलेला एक तरुण उलापूर नावाच्या खेड्यात पोस्टमास्तर म्हणून येतो. गावात त्याचे मन रमत नाही. रतन नावाची बारा-तेरा वर्षांची एक अनाथ मुलगी त्याचे घरकाम करते. सायंकाळी तो तिच्याशी आपल्या घरच्या माणसांविषयी बोलतो. वेळ घालविण्यासाठी तिला लिहावाचावयास शिकवितो. तो तापाने आजारी पडतो, तेव्हा ती मुलगी त्याची शुश्रूषा करते. बरा झाल्यावर तो बदलीसाठी अर्ज करतो. तो नामंजूर होतो, तेव्हा नोकरीच सोडून घरी जावयास निघतो. "मला तुमच्या घरी न्याल का?" असे रतन विचारते, तो हसून ते कसे शक्य आहे, असे म्हणतो. जाताना तो तिला पैसे देऊ करतो. ते ती घेत नाही. नाव सुटते.

कथा संपताच आमच्यात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, पोस्टमास्तर निष्ठुर आहे. ज्या मुलीने आईसारखी सेवा केली तिला तो टाकून गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, त्याचा काय अपराध? तुटपुंज्या पगाराचा तो तरुण परक्या मुलीला घेऊन कलकत्त्यास कसा जाणार? लोक काय म्हणतील? वाद चांगलाच रंगला. परंतु अर्धा तास झाला तरी दोन्ही बाजू आपापली मतेच पुनःपुन्हा सांगत होत्या, आणि पुस्तक मात्र टेबलावर मिटलेले होते.

तेव्हा बाईंनी सुचविले, "आता ज्याला बोलावयाचे असेल त्याने पुस्तकातील जागा दाखवून बोलावे." या एका सूचनेने चर्चेचे स्वरूपच पालटले. दहावीतील एका विद्यार्थिनीने पुस्तक उघडले आणि कोणाच्याच ध्यानी न आलेली एक जागा दाखविली. रतनचा अभ्यास जोडाक्षरांपर्यंत आलेला असतो. पोस्टमास्तरच्या आजारपणानंतर शिकवणी बंद पडते. तरी ती मुलगी दाराबाहेर बसून जुना धडा घोकत राहते. कारण अचानक बोलावणे आले आणि जोडाक्षरे चुकली तर काय, ही भीती तिच्या मनात असते. ती विद्यार्थिनी म्हणाली, "त्याला शिकवणी म्हणजे वेळ घालविण्याचे साधन होते. तिला ते सगळे आयुष्य वाटत होते. दोघेही एकाच पाटीकडे पाहत होते, पण दोघांना दिसत होते ते वेगळे."

मग दुसऱ्याने आणखी एक जागा दाखविली. पोस्टमास्तर आपल्या आईबहिणींविषयी बोलत असे. ते ऐकून ऐकून रतन त्या कधीही न पाहिलेल्या माणसांना आई, ताई, दादा अशी आपलीच माणसे असल्याप्रमाणे संबोधू लागली होती. म्हणून तिचा तो प्रश्न केवळ नोकराणीचा प्रश्न राहत नाही. ज्या घरात ती मनाने आधीच राहावयास गेली होती, त्या घराचे दार तो हसून लावून घेतो.

शेवटचा परिच्छेद आम्ही तिसऱ्यांदा वाचला, तेव्हा लेखकाची एक करामत ध्यानी आली. नाव सुटल्यावर पोस्टमास्तरला परत फिरावेसे वाटते. परंतु शिडात वारा भरलेला असतो, आणि जगात वियोग तर असावयाचेच, अशा तत्त्वज्ञानाने तो मनाची समजूत घालतो. येथे कथा संपू शकली असती. परंतु लेखक त्याच्याबरोबर नावेतून पुढे जात नाही. तो मागे काठावर राहतो आणि पोस्टाच्या घराभोवती रडत फिरणाऱ्या, तो परत येईल अशी वेडी आशा धरणाऱ्या रतनकडे आपल्याला पाहावयास लावतो. पोस्टमास्तर दोषी की निर्दोष, याचा निवाडा रवींद्रनाथांनी दिलेला नाही. आपण कोणापाशी थांबावे, एवढे मात्र त्यांनी निश्चित सांगितले आहे.

जाता जाता एक माहितीची गोष्ट. रवींद्रनाथ जमीनदारीच्या कामासाठी पद्मा नदीच्या परिसरात राहत असत. हा मुलूख आज बांगलादेशात आहे. तेथील शाहजादपूरच्या त्यांच्या कोठीतच खालच्या मजल्यावर टपाल कचेरी होती आणि तेथील पोस्टमास्तर सायंकाळी त्यांच्याकडे गप्पा मारावयास येत असत. कथा छापून आल्यावर त्या गृहस्थांनी लाजत हसत तिचा उल्लेख केला, असे रवींद्रनाथांनी एका पत्रात लिहिले आहे. खरा पोस्टमास्तर गप्पिष्ट होता. कथेतला एकाकी आहे. प्रत्यक्षातून कथा कशी घडते, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे.

सुट्टी

त्यानंतरच्या शनिवारी 'सुट्टी' ही कथा वाचली. ही कथा १८९२ च्या अखेरीस 'साधना' मासिकात आली. फटिक नावाचा खेड्यातील एक उनाड मुलगा, वय तेरा-चौदा. नदीकाठच्या मुलांचा तो पुढारी. त्याचा मामा येतो आणि शिक्षणासाठी त्याला कलकत्त्यास घेऊन जातो. मामीला स्वतःचे तीन मुलगे असतात. हा चौथा तिला नकोसा होतो. शाळेत फटिकचे लक्ष लागत नाही. पुस्तक हरवते, बोलणी बसतात. घरी केव्हा जावयाचे, असे तो विचारतो, तेव्हा पूजेची सुट्टी लागल्यावर, असे मामा सांगतो. सुट्टीला अवकाश असतो. तापाने फणफणलेला तो मुलगा भर पावसात एकटाच घराबाहेर पडतो. पोलीस त्याला परत आणून पोहोचवितात. वातात तो आगबोटीवरचे खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजताना जशी आरोळी देतात, तशी बडबड करतो. आई धावत येते, तेव्हा सुट्टी झाली, आता मी घरी चाललो, असे तो तिला सांगतो. येथे कथा संपते.

या वेळी मात्र वाद झाला नाही, कारण सर्वांचे एकमत होते: मामी दुष्ट आहे. एकामागून एक सर्वांनी मामीला दूषणे दिली. तोवर आमच्या मंडळात एक विद्यार्थी असा होता की, जो दर शनिवारी न चुकता येई, परंतु ज्याने एकदाही तोंड उघडले नव्हते. तो नववीत होता. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून हायस्कूलच्या शिक्षणासाठी तो येथे आला होता आणि आपल्या मामाकडे राहत होता, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊकही नव्हते. तो हळूच म्हणाला,

"मामी वाईट नाही. तिला कोणी विचारलेच नाही."

सर्वजण त्याच्याकडे पाहू लागले. बाईंनी पुस्तक त्याच्यापुढे सरकविले. त्याने जागा दाखविली. मामा बहिणीकडे येतो, तिच्याशी बोलतो, फटिकलाही विचारतो. परंतु घरात एक माणूस वाढणार, हे ज्या बाईला निभवावयाचे आहे, तिचे मत विचारल्याचा उल्लेख कथेत नाही. मग तो म्हणाला, "आणि फटिकला कोणी ओढून नेलेले नाही. तो उड्या मारीत गेला. गळ, पतंग, गोट्या सगळे धाकट्या भावाला देऊन टाकले त्याने. आईलाच वाईट वाटले, की हा एवढा आनंदाने कसा निघाला. मीसुद्धा एस.टी.त खिडकीजवळ बसायला मिळाले म्हणून खूश होतो."

थोडा वेळ थांबून तो आणखी एक वाक्य बोलला, ते आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. "माझी मामी आधी मला वाढते, मग तिच्या मुलाला. म्हणून मला दुसऱ्यांदा मागायला लाज वाटते."

रवींद्रनाथांनी त्या कथेत एक विचार सांगितला आहे. तेरा-चौदा वर्षांचे वय मोठे अवघड; त्या वयाच्या मुलाला ना लहानाचे लाड मिळत, ना मोठ्यांचा मान; स्वतःच्या घराबाहेर तर कोठेच त्याला जागा नसते. तो परिच्छेद आम्ही ऐकला होता, परंतु नुसताच कानांनी. आमच्याच बाकावर बसणाऱ्या मुलाने तोंड उघडले, तेव्हा तो आम्हांस समजला. आम्ही मामीला दोष देऊन मोकळे झालो होतो. कथेत मात्र वाईट माणूस एकही नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने बरे करावयास जातो आणि तरीही एक मुलगा गमावला जातो. ही कथा घरी एकट्याने वाचली असती, तर आमच्यापैकी प्रत्येकजण मामीवर राग धरूनच पुस्तक मिटता.

दसऱ्याच्या सुट्टीत त्या विद्यार्थ्याने ते पुस्तक मागून घेतले. बंगालची पूजेची सुट्टी आणि आपली दसऱ्याची सुट्टी एकाच सुमारास येते, हेही तोवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. परत आल्यावर त्याने मंडळाच्या वहीत चार ओळी लिहिल्या. आई तांदूळ निवडत होती, तेव्हा त्याने तिला ती कथा वाचून दाखविली. ती काही बोलली नाही. सुपातले तांदूळ तसेच ठेवून तिने एवढेच विचारले, "मामी रागावती काय रे तुला?" तो नाही म्हणाला, आणि ते खरेच होते. तेव्हा ती म्हणाली, "मग तिलाबी एकदा वाचून दाखव."

त्याने मामीला कथा वाचून दाखविली. पुढे काय झाले, ते त्याने लिहिले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आता तो बैठकीत बोलतो.

वान्का आणि योना

दिवाळीनंतर चेखॉव्हच्या कथा घेतल्या. १८८६ सालची 'वान्का' ही कथा आम्ही मुद्दाम निवडली. कारण तिच्यातला नऊ वर्षांचा मुलगाही घरापासून दूर आहे. मॉस्कोत एका चांभाराकडे तो उमेदवारीस असतो. नाताळच्या आदल्या रात्री धनी-धनीण प्रार्थनेस गेल्याचे पाहून तो आजोबांना पत्र लिहितो: मार बसतो, पोटभर खावयास मिळत नाही, मला येथून घेऊन जा. पाकिटावर तो पत्ता लिहितो तो 'खेड्यात आजोबांस' एवढाच. मग जरा विचार करून आजोबांचे नाव घालतो. गावाचे नाव नाहीच. पत्र पेटीत टाकून तो सुखाने झोपी जातो.

पत्ता वाचताच आमच्यातील लहान मुले हसली आणि लगेच गप्प झाली. फटिक आणि वान्का यांची तुलना करावयास सांगितली, तेव्हा आठवीतील एका मुलाने दिलेले उत्तर आम्ही वहीत उतरून ठेवले आहे: फटिकची आई वेळेवर पोहोचत नाही, म्हणून आपण रडतो, वान्काचे पत्र पोहोचणारच नाही हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याला ठाऊक नसते, म्हणून आपण अधिक रडतो. अभ्यासाच्या भाषेत सांगावयाचे तर, वाचकाला पात्रापेक्षा अधिक माहिती देऊन परिणाम साधणे, ही चेखॉव्हची हातोटी होय. परंतु त्या मुलाचे वाक्य आम्हांस अधिक आवडले.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कथेत योना नावाचा म्हातारा घसरगाडीवाला आहे. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. बर्फ पडत असते. मुलगा कसा आजारी पडला, मरताना काय बोलला, हे सारे कोणाला तरी सावकाश, व्यवस्थित सांगावे, एवढीच त्याची इच्छा असते. आम्ही मोजून पाहिले: तो चार वेळा सांगण्याचा यत्न करतो. लष्करी अधिकारी एखादा प्रश्न विचारतो आणि डोळे मिटून घेतो. तीन तरुण थट्टा करतात. एका घराचा दरवान त्याला हाकलतो. मुक्कामावरचा तरुण गाडीवान पांघरूण ओढून झोपतो. न ऐकण्याच्या या चार तऱ्हा आहेत, आणि त्यांतली एक तरी आपली स्वतःची आहे, असे आम्हा प्रत्येकाला वाटले. शेवटी योना तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सारी हकीकत सांगतो. त्या दिवसापासून बैठकीत कोणी बोलत असताना मध्येच दुसऱ्याने तोंड घातले की, "योनाला बोलू द्या," असे म्हणण्याचा आमच्यात प्रघात पडला आहे.

आपल्या घरच्या कथा

तिसरा संग्रह व्यंकटेश माडगूळकरांचा 'माणदेशी माणसे'. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. 'धर्मा रामोशी', 'झेल्या', 'रामा मैलकुली' अशी त्यातील लेखनाची शीर्षकेच माणसांची नावे आहेत. दुष्काळी माणदेशातील साधीसुधी माणसे लेखकाने मोजक्या शब्दांत उभी केली आहेत. येथे एक मौज झाली. आमच्यातील उत्तम वाचक म्हणून ज्याची ख्याती, तो ग्रामीण बोलीतील संवाद वाचताना अडखळू लागला. उलट जी विद्यार्थिनी एरव्ही वाचावयास लाजे, तिने तेच संवाद असे सहज म्हटले की, सर्वांनी माना डोलावल्या. आपल्या घरी बोलतात ती भाषा 'अशुद्ध' नसून तिला छापील पुस्तकातही मानाचे स्थान आहे, हे तिला त्या दिवशी कळले. बोलीतील कथा मोठ्याने वाचल्यावाचून खुलत नाही, हा त्यातून मिळालेला दुसरा धडा.

आमच्या शहरात बाजारात पाऊल टाकताच मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी अशा भाषा कानी पडतात, आणि ते आमचे वैभवच आहे. परंतु मराठी केवळ घरकामापुरती व परीक्षेपुरती उरली, तर तिच्यातले बारीकसारीक भाव हळूहळू मुके होतात. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी कथेचे ऋण फेडणारे लेखक होऊन गेले आहेत. हैदराबादेस वकिली करणारे दिवाकर कृष्ण यांचा 'समाधि व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ साली निघाला. म्हणजे आमच्या हिशेबाने सात शनिवारांची बेगमी! आणि जी. ए. कुलकर्णी तर आमच्या बेळगावचेच. १९२३ साली त्यांचा जन्म झाला. धारवाडास त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. 'सत्यकथा' मासिकातून त्यांच्या कथा लोकांपुढे आल्या. 'निळा सावळा' हा पहिला संग्रह १९५९ साली निघाला आणि 'काजळमाया' या संग्रहास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या कथा गहन आहेत. त्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही पुढील वर्षी घेणार आहोत.

मंडळ चालविण्याची रीत

ज्यांना असे मंडळ आपल्या वर्गात, गल्लीत किंवा घरी चालवावयाचे असेल, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे सार येथे देतो.

१. मंडळी पाचपेक्षा कमी व पंधरा-सोळांपेक्षा अधिक नसावीत. पाचांहून कमी असल्यास मतभेद होत नाहीत. फार झाल्यास लाजाळू माणसे बोलत नाहीत.

२. एका बैठकीला एकच कथा. कथा लांब असेल तर ती दोन बैठकांत वाचावी. परंतु एका बैठकीत दोन कथा घेऊ नयेत.

३. वाचन मोठ्याने व सावकाश करावे. वाचणाऱ्याने कथा घरी एकदा वाचून यावी. नाटकी हावभाव करू नयेत; विरामचिन्हे पाळली तरी पुष्कळ झाले.

४. कथा संपल्यावर दोन मिनिटे कोणीही बोलू नये. हा नियम प्रथम अवघड वाटतो, नंतर त्याचीच गोडी लागते.

५. पहिली फेरी मतांची नसावी. 'कोणता प्रसंग डोळ्यांपुढे राहिला?' एवढेच प्रत्येकाने सांगावे. एकाच कथेतून पंधरा जणांना पंधरा प्रसंग दिसतात, हे पाहून आश्चर्य वाटते.

६. मत मांडताना पुस्तकातील जागा दाखवावी. जागा सापडत नसेल तर ते मत कथेविषयी नसून आपल्याविषयी आहे, असे समजावे.

७. 'तात्पर्य काय?' हा प्रश्न शक्यतो विचारू नये. इसापनीतीला तो शोभतो. 'लेखक शेवटी कोणापाशी थांबला?' असे विचारून पाहावे.

८. एक वही ठेवावी. तीत दिनांक, कथेचे नाव, वाचणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशी कोणी बोललेले एखादे चांगले वाक्य लिहावे. आमच्या वहीत शिक्षकांची वाक्ये थोडी आहेत, विद्यार्थ्यांची अधिक. याचा शिक्षकांस संतोष वाटतो.

पालकांना एक विनंती

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मराठी पुस्तके आहेत. आजोबांच्या वेळची, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांसह ती कपाटात नीट ठेवलेली असतात. आठवड्यातून एका रात्री, जेवणे आटोपल्यावर, त्यातील एकच कथा कोणीतरी वाचावी आणि इतरांनी ऐकावी. ऐकताना शेंगा सोलल्या, भाजी निवडली, तरी हरकत नाही. ज्यांना वाचता येत नाही अशा आजीही त्यात सामील होऊ शकतात. आमचा अनुभव असा की, कथेतील माणसांविषयी सर्वांत नेमके बोलणे त्यांचेच असते. मुलगा शाळेत काय शिकला, हे प्रगतिपुस्तकावरून समजेल. त्याच्या मनात काय आहे, ते कदाचित अशा एखाद्या रात्री दुसऱ्याच कोणा मुलाची गोष्ट वाचताना समजेल.

येत्या जूनमध्ये मंडळ पुन्हा बसेल. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ग्रंथालयाच्या खोलीत. नव्या विद्यार्थ्यांनी अवश्य यावे. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे, असे बंधन नाही.